पंखा बंद करताय काय?

विद्यार्थ्यांच्या लघुपटाला एक म्हातारा लागतो. विषय स्थलांतराचा असो, पाणीटंचाईचा असो नाहीतर मोबाइलच्या व्यसनाचा, तिसऱ्या मिनिटाला एक म्हातारा खिडकीशी उभा राहून बाहेर बघायला लागतोच. असा म्हातारा बाहेरून आणायचा तर मानधन, रिक्षाभाडं, पथ्याचं जेवण अशा शंभर भानगडी. म्हणून तो गटातल्याच कुणाच्या तरी घरातून उचलतात. आमच्या मुलीच्या गटात चौघं होती आणि चौघांत मिळून पुण्यात राहणारे आजोबा एकच निघाले. तिच्या आईचे वडील, म्हणजे माझे सासरे, अण्णा. ते आमच्याकडेच असतात आणि खिडकीशी तर ते कुणी न सांगताही उभे असतात.

मुलगी जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेऐवजी दहा मिनिटांचा लघुपट करून द्यायचा होता. दिग्दर्शक एक दाढीवाला मुलगा, कॅमेऱ्यावर एक अबोल मुलगा, संकलन आमच्या कन्येकडे आणि ध्वनी कोल्हापूरच्या एका मुलीकडे. गोष्ट अशी की मुलगा परदेशात, म्हातारा एकटा, आणि दारावरची बेल वाजली की त्याला वाटतं, आला. अण्णांनी संहिता चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "अरे, पण यायचं असेल तर तो आधी फोन नाही का करणार?" दाढीवाला गंभीरपणे म्हणाला, "आजोबा, फोन केला तर सिनेमाच होत नाही." अण्णांना हे पटलं. तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे, नियम विचित्र असला तरी तो पाळायचा असतो, हे त्यांना ठाऊक आहे.

चित्रीकरणाबद्दल फार सांगत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात झालेलं नाही त्यांनी सुखात राहावं. सोफा गॅलरीत गेला, गॅलरीतल्या कुंड्या न्हाणीघरात गेल्या, आणि भिंतीवरचा आमचा लग्नातला फोटो 'फ्रेममध्ये डिस्टर्ब करतोय' म्हणून उतरवण्यात आला. त्यावर सौभाग्यवती काय म्हणाल्या ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे.

ध्वनिमुद्रित होतं सगळंच. कॅमेऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तो कुठे बघतोय ते दिसतं, त्याच्या मागून वाकून जाता येतं. कानांवर हेडफोन चढवून कोपऱ्यात मांडी घालून बसलेल्या त्या कोल्हापूरच्या पोरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि घर खऱ्या अर्थानं तिच्या ताब्यात होतं. मे महिना, दुपारचे दोन, खिडक्या बंद, दिव्यांची धग. अण्णा घामानं निथळताहेत आणि ही शांतपणे म्हणते, "काका, जरा पंखा बंद करताय काय?"

पंखा बंद झाला. मग तिला ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण ऐकू आली. ट्यूब बंद झाली. मग लिफ्ट. लिफ्ट बंद करणं आमच्या हातात नव्हतं, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींना जिन्यानं जाण्याची विनंती झाली. मग वळचणीतलं कबुतर. मग शेजारचा कुकर, ज्याच्या पाच शिट्ट्या होईपर्यंत सगळं युनिट बसून राहिलं. त्या वरणाला पाचवी शिट्टी कशाला लागली, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी ती उठली, फ्रिजपाशी गेली आणि म्हणाली, "गाडीची किल्ली द्या की काका." मला वाटलं, काही आणायला निघाली. तिनं फ्रिजचं बटण बंद केलं, दार उघडलं आणि माझ्या स्कूटरची किल्ली दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवून दिली. म्हणे साउंडवाले असंच करतात. काम संपल्यावर फ्रिज चालू करायचं विसरतं. पण किल्लीशिवाय कुणी घराबाहेर पडू शकत नाही, आणि ती शोधत माणूस फ्रिजपाशी आला की बटण आठवतं. आमच्या घरात बरीच वर्षं इतकी व्यवहारी कल्पना कुणाला सुचली नव्हती.

एवढा अट्टहास कशासाठी, असं मी तिला विचारलं. आवाज नंतर पुसता येत नाही का? तिनं घंटागाडीचं उदाहरण दिलं. समजा अण्णा बोलताहेत आणि खालून घंटागाडी गाणं वाजवत चालली आहे. ऐकताना काहीच खटकणार नाही. आपल्या कानांना गाळून ऐकायची सवय असते. पण तोच संवाद तासाभरानं दुसऱ्या बाजूनं पुन्हा घेतात, तेव्हा घंटागाडी पार पुढच्या पेठेत गेलेली असते. आता संकलक पहिल्या शॉटमधलं अर्धं वाक्य घेणार आणि दुसऱ्यातलं अर्धं. म्हणजे अण्णा "तुझी आई" म्हणेपर्यंत खाली घंटागाडी आहे आणि "असती तर" म्हणताना ती हवेत विरलेली आहे. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याचं अण्णांवरचं लक्ष उडतं. म्हणून आधी संवाद स्वच्छ घ्यायचा. घंटागाडी हवीच असेल तर ती वेगळी ध्वनिमुद्रित करून नंतर सबंध प्रसंगाखाली घालायची, म्हणजे कापलेल्या जागा तिच्याखाली झाकल्याही जातात. जी घंटागाडी मघाशी शत्रू होती तीच आता कामाला येते.

हे दुखणं जुनं आहे. १९३१ साली 'आलम आरा'चं चित्रीकरण मुंबईत चाललं होतं तेव्हा स्टुडिओशेजारून रेल्वेचे रूळ जात होते. आपला पहिला बोलपट त्यामुळे बराचसा रात्री, गाड्या थांबल्यावर घ्यावा लागला. मी हे दाढीवाल्याला सांगितलं आणि तिथे माझ्यातल्या माहितगारानं माझ्यातल्या गृहस्थाचा घात केला. कारण दुसऱ्या दिवसापासून युनिट रात्री अकराला येऊ लागलं. रात्री रेल्वे नसते, पण कुत्री असतात, आणि आमचा रखवालदार दर तासाला शिट्टी वाजवून आपण जागे असल्याचं सोसायटीला कळवतो.

रूम टोन हा प्रकार मला तेव्हाच कळला. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा एक आवाज असतो. भिंती, पडदे, दूरची रहदारी, यांतून मिळून जो काही 'काहीच नाही' ऐकू येतो तो. तो मिनिटभर मुद्रित करून ठेवायचा, कारण दोन संवादांच्या मधलं काही कापलं की तिथे नुसतं भोक पडतं, आणि ते भोक या निःशब्दानंच बुजवावं लागतं. संगणकानं आपण होऊन दिलेली शांतता चालत नाही. तिच्यात खोली नसते, ती ऐकताना स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. तर त्या मिनिटासाठी आम्ही सगळे जिथल्या तिथे उभे राहिलो. माना आपोआप खाली गेल्या. दार उघडंच होतं. समोरचे जोशी डोकावले, आम्हाला पाहिलं, चपला काढल्या आणि आत येऊन तेही हात जोडून उभे राहिले. मिनिट संपल्यावर त्यांनी हलक्या आवाजात मला विचारलं, "कोण?" तेवढ्यात आतून अण्णांनी चहा मागितला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण बराच कमी झाला.

छातीवर लावायच्या छोट्या माइकनं तर हद्द केली. अण्णांचा झब्बा खळ घातलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी संवादापेक्षा झब्बाच जास्त बोलला. मग मऊ सदरा आला, तर कवळीची टकटक ऐकू येऊ लागली. या माइकचं आणखी एक वैशिष्ट्य असं की, माणूस खोलीबाहेर गेला तरी तो सोबत जातो. मधल्या सुट्टीत अण्णा गॅलरीत जोशींशी बोलत उभे होते आणि पोरीच्या कानांवर हेडफोन होते. नंतर ती माझ्याकडे बघून जरा जास्तच आदरानं हसली. मी खोदून विचारलं, तेव्हा एवढंच कळलं की अण्णा म्हणाले, "जावई तसा बरा आहे, पण..." पणच्या पुढे काय? "काका, तेवढ्यात विमान गेलं बघा," ती म्हणाली. आमच्यावरून क्वचितच विमान जातं. पण ध्वनिमुद्रकाला जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं पोटात ठेवावं लागतं, आणि तो गुण या पोरीत आत्ताच आहे, हे मी लिहून देतो.

चित्रीकरण आटोपलं, सोफा जागेवर आला, आणि मला वाटलं सिनेमा झाला. तसं सगळ्यांनाच वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा फक्त वाणसामान भरून झालेलं असतं. त्यानंतर आतल्या खोलीचं दार बंद झालं आणि आमची मुलगी दिसेनाशी झाली.

पहिला रफ कट तेवीस मिनिटांचा भरला. त्यात सगळंच होतं. अण्णा उठतात, चष्मा शोधतात, चष्मा सापडतो, चपला घालतात, दारापर्यंत चालत जातात, कडी काढतात, बाहेर बघतात. मुलीनं पहिल्यांदा चष्मा उडवला. मग चपला. मग चालणं. आता बेल वाजते, अण्णा खुर्चीत मान वर करतात, आणि पुढच्या क्षणी दार उघडलेलं असतं. मधलं सगळं पाहणारा आपल्या मनानं भरून घेतो. दाढीवाल्याला चालण्याचा शॉट फार प्रिय होता. तो घेताना त्यानं ट्रॉली म्हणून आमची धुण्याच्या टोपल्याची चाकं वापरली होती. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अगं, किती मेहनत लागलीय त्याला!" मुलगी म्हणाली, "मेहनत कुठे दिसतेय? चालणं दिसतंय." हे वाक्य तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. घरात ती जुनी वही टाकायलाही तयार नसते.

खरा प्रसंग अण्णांच्या वाक्याचा होता. "घराला माणसं लागतात रे, भिंती काय कुणीही बांधतो," असं एक वाक्य त्यांना दिलेलं होतं. अण्णांनी ते पाठ केलं, दुधवाल्याला म्हणून दाखवलं, फोनवर नागपूरच्या बहिणीला ऐकवलं. मुलीनं ते कापलं. नुसते खुर्चीत बसलेले अण्णा जे सांगत होते तेच ते वाक्य पुन्हा सांगत होतं, असं तिचं म्हणणं. आजोबांचं वाक्य नातीनं कापायचं, यावर घरात दोन तट पडले. आजीचा फोटोही गप्प राहिला नसता. अण्णांनी मात्र कट बघितला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "व्हाउचर गेलं, पण हिशोब जुळतोय." मग दुधवाल्याला काय सांगायचं, हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला.

या कापाकापीतला सगळ्यात मोठा घोटाळा मी साक्षीदार म्हणून नोंदवून ठेवतो. लघुपटात एक जागा आहे. बेल वाजते, अण्णा खिडकीकडे मान वळवतात, चेहऱ्यावर आधी काहीतरी उजळतं आणि मग हळूहळू विझतं. ही जागा बघून आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदर लावला. हा शॉट कुठल्याच टेकमधला नव्हता. दिग्दर्शकानं कट म्हटल्यावर अबोल मुलानं कॅमेरा बंद केलाच नव्हता, आणि तेवढ्यात खालून गॅसवाल्यानं हाक मारली होती. अण्णांचा चेहरा उजळला तो सिलिंडर आला म्हणून, आणि विझला तो सुटे पैसे नाहीत हे आठवून. मुलीनं त्याच्याआधी बेलचा आवाज लावला, पुढे रिकाम्या जिन्याचा शॉट लावला, आणि पुत्रविरह तयार झाला.

मी याला लबाडी म्हणणार होतो, पण शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव नावाच्या गृहस्थांनी हेच केलं होतं. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच कोरा चेहरा त्यांनी घेतला. एकदा त्याला सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक तरुणी. सांगतात की, लोकांनी त्याच्या अभिनयाची वाहवा केली. काय ती भूक, काय ते दुःख, काय ती ओढ! नट बिचारा एकदाच कॅमेऱ्याकडे बघून घरी गेला होता. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर सिलिंडर होता. फरक आहे." नट म्हणून त्यांचा स्वाभिमान चित्रीकरणानंतर वाढलेला आहे.

कुठे कापायचं हे कसं कळतं, असं मी मुलीला एकदा रात्री दोनला विचारलं. तिच्या टेबलावर वॉल्टर मर्च यांचं एक छोटं पुस्तक होतं. हा माणूस चित्रही कापतो आणि ध्वनीही घडवतो. 'द इंग्लिश पेशंट'साठी त्याला संकलन आणि ध्वनी अशी दोन्ही ऑस्करं मिळाली. १९७४ च्या 'द कॉन्व्हर्सेशन'वर काम करताना त्याच्या लक्षात आलं की, आपण जिथे कापायचं ठरवतो त्याच्या अगदी जवळपास नायक जीन हॅकमन पापणी मिटतो. माणूस एक विचार संपला की डोळे मिचकावतो, आणि कापही तिथेच लागतो, असा त्याचा तर्क. सेकंदाला चोवीस चौकटी. दोन इकडे झाल्या तर काप घाईचा वाटतो, चार तिकडे झाल्या तर आळशी. मुलगी त्या दोन-चार चौकटींवर तास न् तास बसायची. तेव्हापासून घरात जेवताना मी लोकांच्या पापण्या बघतो. सौभाग्यवतींचं बोलणं मध्ये कुठेच कापता येत नाही, कारण त्या बोलताना डोळे मिटत नाहीत.

आणखी एक युक्ती मला फार आवडली. चित्र बदलण्याआधीच पुढच्या प्रसंगाचा आवाज सुरू करायचा. अण्णा अजून खुर्चीतच दिसताहेत आणि रेल्वे फलाटावरची घोषणा ऐकू येऊ लागते. मग फलाट दिसतो. याला ही मुलं जे-कट म्हणतात. आमच्या जोशीकाकू जिन्यात असतानाच त्यांचं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात पोचतं आणि त्या दारात येईस्तोवर निम्मा विषय झालेला असतो, तसंच हे. याच्या उलट, माणूस गेला तरी त्याचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळू द्यायचा, तो एल-कट. काकूंना दोन्ही येतात.

संकलन संपता संपता कोल्हापूरची पोर परत आली, आणि आमचं स्वयंपाकघर फोली स्टुडिओ झालं. हॉलीवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचा एक माणूस होता. पडद्यावरच्या नटाकडे बघत बघत तो त्याच तालात चालायचा, कपडे सळसळवायचा, दारं लावायचा. या कामाला त्याचंच नाव पडलं. मुंबईतही ही कला करणारे आहेत. एका खोलीत वाळू, फरश्या, जुन्या चपला, तुटकी छत्री असा संसार मांडून ते नायकापासून म्हशीपर्यंत सगळ्यांच्या वतीनं चालतात. आमच्याकडे अण्णांच्या वतीनं मी चाललो. अण्णांची पावलं संवादाखाली नीट आली नव्हती, आणि स्वतः अण्णा दुपारी झोपतात. मी त्यांच्या चपला घालून फरशीवर चाललो तर पोर म्हणाली, "काका, तुम्ही ऑफिसला निघालाय. आजोबा कुठं निघालेले नाहीत." मग मी कुठेही न निघालेल्या माणसासारखं चालायला शिकलो. ते दिसतं त्यापेक्षा अवघड आहे.

पाऊस भज्यांनी पाडला. खरा पाऊस मुद्रित केला तर नुसता खरखराट ऐकू येतो, थेंब वेगळे लागत नाहीत. घोसाळ्याची भजी मंद आचेवर कढईत सोडली आणि माइक अंमळ दूर धरला की, पत्र्यावर झिमझिम सुरू होते. किती वेळ पाऊस हवा यावर किती भजी तळायची ते ठरत होतं. दाढीवाल्यानं पाऊस आणखी लांबवण्याचा आग्रह धरला, त्यामागे कलेचा विचार किती होता, याबद्दल मला शंका आहे. खून-मारामारीचा प्रसंग नव्हता, हे नशीब. 'सायको'मधल्या सुरीच्या वारांसाठी हिचकॉकच्या लोकांनी खरबुजं भोसकली होती, हे या मुलांना पाठ आहे, आणि आमच्याकडे तेव्हा फ्रिजमध्ये एक खरबूज होतं.

मग संगीतावरून भांडण झालं. दाढीवाल्याला शेवटच्या प्रसंगाला पियानो हवा होता. हुंदके देणारे, सावकाश पडणारे, विनारॉयल्टीचे सूर. विद्यार्थ्यांच्या लघुपटाला जसा म्हातारा लागतो तसा हा पियानोही लागतो. पोर म्हणाली, "नको." तो म्हणाला, त्याशिवाय भावना पोचणार नाही. ती म्हणाली, पियानो लावला तर फक्त पियानोच पोचेल. मग तिनं 'कुंकू' काढला. १९३७ साली शांतारामबापूंनी प्रभातच्या त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत घातलंच नाही. प्रसंगात जे आवाज असतील त्यांच्यावरच निभावलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं घड्याळ टिकटिकतं, आणि त्या टिकटिकीत जरठविवाहाचा सगळा प्रश्न येऊन बसतो. "आणि प्रभात पण मूळचं आमच्या कोल्हापूरचंच की," ती म्हणाली. हे खरंच आहे. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली कंपनी १९३३ साली पुण्यात आली; ज्या आवारात तिनं स्टुडिओ उभारला तिथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कोल्हापूरकरांना हा हिशोब पुणेकरांसमोर मांडताना विशेष आनंद होतो.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण मी पोरीच्या बाजूचा आहे. दुःखाच्या जागी पियानो वाजवणं म्हणजे प्रेक्षकाच्या बरगडीत कोपर मारून 'रड आता' म्हणणं. ज्या विद्यार्थ्यांचं काम पुढे नाव काढतं, त्यांच्याकडे बघा. उमेश कुलकर्णींनी इन्स्टिट्यूटमध्ये असताना 'गिरणी' केला. लहानशा घरात पिठाची गिरणी येते आणि त्या घरातला मुलगा तिच्या आवाजाखाली भरडला जातो. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या त्या लघुपटात खलनायक माणूस नाही, एक आवाज आहे. २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात पहिला आलेला चिदानंद नाईकचा कन्नड लघुपट घ्या. एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते, मग आरवायला कोणी नाही, म्हणून सूर्यच उगवत नाही. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी असं वेगवेगळं शिकणाऱ्या चौघांनी मिळून केलेला तो अभ्यासक्रमातला प्रकल्प होता. एका न आलेल्या आवाजावर अख्खी गोष्ट उभी आहे, आणि म्हातारी आहे तरी ती खिडकीशी उभी राहून बाहेर बघत बसत नाही, हे मला विशेष आवडलं.

आमच्याकडे तडजोड पंख्यावर झाली. जो सबंध चित्रीकरणात बंद ठेवला होता तोच पंखा पोरीनं एका दुपारी एकट्याचाच मुद्रित केला, त्याच्या कुरकुरीसकट. १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाउ'च्या सुरुवातीला छताच्या पंख्यात हेलिकॉप्टरची पाती मिसळतात. तेही मर्चचंच काम. आमच्या लघुपटात शेवटी अण्णा डोळे मिटतात, पंखा कुरकुरत राहतो, ती कुरकुर हळूहळू रुळांच्या खडखडीत बदलते आणि मग काहीच उरत नाही. म्हणजे रूम टोन उरतो. जोशी त्या निःशब्दात हात जोडून उभे आहेत, हे आम्हालाच माहीत.

कॉलेजच्या सभागृहात प्रदर्शन झालं. प्राध्यापकांनी आणि पाहुण्यांनी भाषणं केली, नेहमीइतकी. मग दिवे गेले. हेडफोनवर केसागणिक तोललेला तो ध्वनी सभागृहाच्या दोन भल्यामोठ्या स्पीकरांतून बाहेर पडला, आणि वर सभागृहाचे स्वतःचे आठ पंखे पूर्ण वेगात फिरत होते. आमचा एक पंखा त्या आठांत कुठे गेला, कुणालाच कळलं नाही. मी मागे वळून पाहिलं तर पोर भिंतीला टेकून उभी होती आणि छताकडे बघत होती. बटणं कुठे आहेत, हे ती शोधत असावी. सिलिंडरच्या जागी मात्र लोक हळहळले. अण्णांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "त्या दिवशी सुटे कुणी दिले होते रे?" मी दिले होते.

शेवटी श्रेयनामावली सुरू झाली. दिग्दर्शकाचं नाव आलं, टाळ्या. अण्णांचं आलं, उभं राहून टाळ्या. मग खुर्च्या वाजायला लागल्या, फोन उजळले, आणि संकलन व ध्वनी ही दोन नावं दाराकडे निघालेल्या पाठींवर उमटून गेली. हे सगळीकडेच होतं, मोठ्यांच्या बाबतीतही. 'जाने भी दो यारों' कुणाला आठवत नाही? पण तो कापणाऱ्या रेणू सलुजांचं नाव दहांतल्या एकाला सांगता येईल का, शंका आहे. संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला होता. ध्वनीचं काम करणाऱ्या रसूल पूकुट्टीचं नाव माहीत होण्यासाठी आपल्याला २००९ सालचं ऑस्कर लागलं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. तुमच्या ओळखीतल्या कुणा मुलामुलीचा लघुपट बघायला बोलावणं आलं तर जा, आणि नावं संपेपर्यंत बसा. शक्य झालं तर सभागृहातले पंखे तेवढी दहा मिनिटं बंद करायला सांगा. तुमच्या सोसायटीत ही मंडळी चित्रीकरणाला आली तर चटणीचा मिक्सर जरा उशिरा लावा, कुकर आधीच उरकून घ्या. आणि फ्रिज बंद करायची वेळ आली तर गाडीची किल्ली आत ठेवायला विसरू नका. दह्यापासून जरा लांब ठेवा.